पार्किंगमधली मांजर घरी आणायची का? आधी तिचं पोट बघा, मग कान

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन दिवसांपासून एक तिरंगी मांजर फिरते आहे. माणसाळलेली आहे, पायात घोटाळते, पण दिवसरात्र ओरडते. तुम्ही दूध दिलंत, तिला जुलाब झाले. घरात आधीच एक मांजर आहे. सोसायटीतले काही जण म्हणतात पोत्यात घालून मंडईत सोडून या. तर तिला घरी आणावं, की सोडून यावं?

यातलं काहीही ठरवण्याआधी ती आत्ता कुणाची आहे हे कळायला हवं. ती कुणाच्या तरी घरातून सुटलेली असेल, किंवा तुमच्याच गल्लीत जन्मलेली आणि दोन-चार जणांच्या हातचं खाऊन माणसाळलेली असेल. तिसरी शक्यता लोकांच्या डोक्यात येतच नाही: तिची पिल्लं जवळपास कुठेतरी असतील आणि ती फक्त खाणं शोधायला खाली येत असेल. अशा मांजरीला प्रेमाने उचलून घरात कोंडलं, तर तिकडे पिल्लं उपाशी मरतात. दयेपोटी होणारी ही सगळ्यात मोठी चूक आहे. म्हणून कुणी ‘मांजर सापडली’ असं सांगितलं की मी पहिल्यांदा तिचं पोट बघायला सांगते.

त्याआधी तातडीची लक्षणं. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल, हिरड्या पांढऱ्याफटक किंवा निळसर असतील, मागचे पाय ओढत असेल, जखमेत अळ्या वळवळत असतील, तर खालचं काही वाचत बसू नका, सरळ डॉक्टरकडे न्या. कुत्रं धापा टाकतं ते साधं असतं, मांजराने तोंडाने श्वास घेणं साधं नसतं. बोका पुन्हापुन्हा लघवीला बसतोय आणि थेंबही येत नाही, हीसुद्धा त्याच दिवशीची गोष्ट. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. आणि मांजर उंच इमारतीच्या पायथ्याशी सुन्न बसलेली असेल, हनुवटी खरचटलेली, नाकातून रक्त, सुळा तुटलेला किंवा नखं घासून चिरफाळलेली असतील, तर ती वरून पडलेली किंवा गाडीखाली आलेली असते. तिला हातावर लोंबकळत न नेता पुठ्ठ्यावर किंवा फळीवर सरकवून आडवी न्या, आणि कुणाला तरी वरच्या मजल्यांवर चौकशीला पाठवा. अशा मांजराचं घर बहुतेक वेळा नेमकं डोक्यावर असतं.

तुमची मांजर चालतेय, खातेय, अंगाशी येतेय. म्हणजे तुमच्याकडे बघायला वेळ आहे.

तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, त्यामुळे पोट बघणं आणखी गरजेचं. ती पायाशी आडवी पडली की बघा, उलटी करायला जाऊ नका. साधारण आठ स्तनाग्रं असतात. ती बारीक, फिकट, केसांत लपलेली असतील तर ती पाजत नाही. मोठी, लांबट, गुलाबी असतील आणि भोवतीचे केस झिजून वर्तुळाकार टक्कल पडलं असेल, तर ती आत्ता पाजते आहे. नुसती गुलाबी आणि थोडी फुगीर दिसतात पण भोवतीचे केस शाबूत आहेत, तर बहुधा गाभण आहे. गाभणपणाच्या तिसऱ्या आठवड्यात हा रंग येतो आणि पाचव्या आठवड्यानंतर पोट दोन्ही बाजूंनी दिसायला लागतं. सगळा काळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. केस दाट असतील तर बोटं हलकेच फिरवून अंदाज घ्या.

आता ओरडणं. तीन दिवस सतत ओरडणाऱ्या आणि पायात लोळणाऱ्या मांजरीबद्दल लोक दोनच अर्थ लावतात: भुकेली आहे किंवा दुखतंय. बऱ्याचदा ती माजावर आलेली असते. खूण सोपी आहे. शेपटीच्या बुडापाशी पाठीवर हात फिरवा. ती पुढचं अंग जमिनीला टेकवून मागचं वर करते, शेपटी एका बाजूला नेते आणि मागचे पाय जागच्या जागी आळीपाळीने उचलते. असं केलं तर तो माज. तो साधारण आठवडाभर टिकतो, गाभण राहिली नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतो, आणि आपल्याकडच्या हवेत जवळजवळ वर्षभर हे चक्र चालू राहतं. माजावर आलेली मांजर एरवीपेक्षा जास्त लाडात येते, म्हणून केवळ लाडावरून ती ‘घरातलीच’ आहे असं ठरवू नका. याचा इलाज शस्त्रक्रिया हाच. माज थांबवायच्या गोळ्या कुणी सुचवल्या तर घेऊ नका, त्यांनी गर्भाशयात पू होण्याचा आणि स्तनांत गाठी येण्याचा धोका वाढतो.

मग कान. डाव्या कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं दिसलं, किंवा कानाच्या कडेला नीट काढलेली खाच दिसली, तर तिची नसबंदी झालेली आहे आणि भूल उतरायच्या आधी तशी खूण केलेली आहे. मारामारीत फाटलेला कान वाकडातिकडा असतो, फरक लगेच कळतो. खूण असेल तर तुमच्या आसपास कुणीतरी तिची काळजी घेत आलं आहे. तिला हलवू नका, त्या माणसाला शोधा.

पाजत नाही, गाभण नाही, कान अखंड, माजही नाही, तर ती हरवलेली किंवा टाकून दिलेली असण्याची शक्यता वाढते. गळ्याभोवती पट्ट्याने दबलेले केस, कापलेली नखं, लिफ्टचा किंवा कुकरच्या शिट्टीचा आवाज आला तरी न दचकणं, उघड्या दारातून सरळ आत शिरणं, या घराच्या खुणा. रस्त्यावर वाढलेलं मोठं मांजर माणसाकडे बघून फारसं म्यावम्याव करत नाही, ती सवय माणसांत राहून लागते. मात्र घरातल्या घरात वाढलेली मांजर चुकून बाहेर पडली तर पहिले काही दिवस सहसा दबून, गप्प राहते. तुमची उघड्यावर फिरते आहे, म्हणून मी आधी ही चौकशी करेन की गेल्या महिन्यात सोसायटीतला कुठला फ्लॅट रिकामा झाला. भाडेकरू गेले आणि मांजर मागे राहिली, असं सर्रास होतं. लांब केसांचं पर्शियन मांजर रस्त्यावर दिसलं तर मात्र तपासाची वाट बघू नका. त्याला बाहेर जगता येत नाही, केसांच्या गाठी कातडी ओढतात, डोळे चिकटतात, उन्हात ते लवकर ढासळतं. ते आधी आत घ्यायचं, मालक नंतर शोधायचा.

मालक शोधायची एक पद्धत स्वस्त आणि खात्रीची आहे: कागदी पट्टी. साध्या कागदाची दोन-अडीच सेंटीमीटर रुंद आणि तीसेक सेंटीमीटर लांब पट्टी कापा. पाण्याने न पसरणाऱ्या मार्करने लिहा: ‘ही मांजर कुणाची आहे? तुमची असेल तर या नंबरवर कळवा.’ खाली मोबाईल नंबर. गळ्याभोवती दोन बोटं सहज जातील इतकी सैल ठेवून टोकं चिकटपट्टीच्या छोट्या तुकड्याने जोडा. कुठे अडकली तर फाटली पाहिजे, म्हणून कागदच. दोरा, रबर, रिबन, घुंगरू काही बांधू नका. मांजर पंजाने ते ओढते, पुढचा पाय आत अडकतो आणि काही दिवसांत काखेत खोल जखम होते. ती कुठे खायला जात असेल तर एक-दोन दिवसांत फोन येतो. पट्टी काढून कुणीतरी खरा पट्टा घातलेला दिसला, तर तेही उत्तरच.

सोबत चौकशी करा. हरवलेल्या मांजरी बहुतेक घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या आतच सापडतात, त्यामुळे शहरभर पोस्ट फिरवण्यापेक्षा आजूबाजूच्या चार इमारती नीट विचारा. वॉचमन, सकाळचा दूधवाला, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरची मासेवाली: मांजरांची माहिती यांच्याकडे असते. व्हॉट्सॲपवर फोटो टाकताना एक खूण मुद्दाम झाकून ठेवा, म्हणजे पोटावरचा ठिपका, शेपटीची गाठ, पंजाचा रंग असं काहीतरी. ‘माझीच आहे’ म्हणणाऱ्याला ती खूण विचारा, जुना फोटो किंवा लसीचं कार्ड मागा. पुण्यात २०२२ पासून महापालिकेकडे मांजरांची नोंदणी करता येते, ती पावतीही चालेल. डॉक्टरकडे नेलीत तर मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप, तपासायला सांगा. खवाट्यांच्या मधे स्कॅनर फिरवला की पंधरा आकडी नंबर येतो. आपल्याकडे चिप असलेल्या मांजरी कमी, पण तपासायला मिनिटही लागत नाही.

आता समजा पोट बघितलंत आणि ती पाजते आहे. मग तिला पकडायचं नाही, तिच्या मागे जायचं. ठरलेल्या वेळी पोटभर ओलं खाणं द्या आणि लांब उभं राहा. पाजणारी मांजर खाऊन झालं की इकडेतिकडे न रेंगाळता सहसा सरळ पिल्लांकडे जाते. जिन्याखालचं भंगार, मीटरची खोली, गच्चीवर टाकीखाली, बंद पडलेल्या गाडीचं बॉनेट, या नेहमीच्या जागा. पावसाळ्यात तर गाडी चालू करण्याआधी बॉनेटवर दोनदा थाप मारायची सवय सगळ्या पार्किंगला लावा. जागा सापडली की पिल्लं मोजा, फोटो काढा आणि मागे व्हा. वर्दळ वाढली तर ती पिल्लं उचलून दुसरीकडे नेते आणि पुन्हा शोधाशोध करावी लागते. जागा कोरडी आणि कुत्र्यांपासून सुरक्षित असेल तर पिल्लांना तिथेच, आईजवळ राहू द्या, आईला दिवसातून तीन वेळा खायला द्या. जागा धोक्याची असेल तर आई आणि सगळी पिल्लं एकाच वेळी, एकत्र हलवायची.

पिल्लं माणसाळवायची असतील तर दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात त्यांना रोज थोडा वेळ हाताळा. हा काळ निघून गेला की काम फार अवघड होतं. माणसाचा हात लागला की आई पिल्लांना टाकते, हे खरं नाही. त्या भीतीपोटी लोक भिजलेल्या पिल्लालाही हात लावत नाहीत.

आई दिसतच नसेल आणि नुसती पिल्लं सापडली, तर काय करायचं ते पिल्लांच्या अवस्थेवर ठरतं. गुबगुबीत, स्वच्छ, एकमेकांवर गाढ झोपलेली पिल्लं म्हणजे आई येऊन जाते आहे. दहा-बारा मीटर लांबून दोन-चार तास लक्ष ठेवा. तेवढा वेळ थांबणं शक्य नसेल तर पिल्लांभोवती जमिनीवर गव्हाच्या पिठाचं पातळ कडं टाका, परत आल्यावर पावलं उमटलेली दिसतील. गार पडलेली, सतत किंचाळणारी, मुंग्या लागलेली किंवा कावळे घिरट्या घालताहेत अशी पिल्लं मात्र लगेच उचला.

उचलल्यावर पहिली गोष्ट ऊब, दूध नंतर. इथे बहुतेक पिल्लं हातची जातात. अंग गार असताना पिल्लाचं आतडं काम करत नाही. दूध पोटात तसंच राहून नासतं, किंवा गिळता न आल्याने फुप्फुसात जातं. तोंडाच्या आत बोट लावून गार वाटलं, तर अजून दूध नाही. गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या अर्ध्या भागात ठेवा, उरलेला अर्धा मोकळा, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकता येईल. तास-दीड तासात हळूहळू ऊब आणायची. हेअर ड्रायर, बल्ब अगदी जवळ, चुलीशेजारी, यातलं काही नको. फारच मलूल असेल तर साखरपाण्याचा एक थेंब हिरडीवर नुसता चोळा. पहिल्या आठवड्यात खोक्यातली ऊब ३० ते ३२ अंश हवी, पुढे हळूहळू कमी करत पाचव्या आठवड्यापर्यंत २४ अंशांवर आणायची.

दूध म्हणजे मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर, प्राण्यांच्या दुकानात किंवा डॉक्टरकडे. गायीच्या दुधात मांजराच्या दुधापेक्षा प्रथिनं आणि स्निग्धांश कमी आणि लॅक्टोज जास्त, म्हणून जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवातलं पाणी संपतं. १०० ग्रॅम वजनाच्या पिल्लाला एका वेळी ३ ते ४ मिली, दिवसभरात २० ते २५ मिली. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पुढे तीन-चार तासांनी. दूध मनगटावर कोमट लागलं पाहिजे. पिल्लू पालथं, पोटावर ठेवून पाजायचं. बाळासारखं उताणं धरलं तर दूध श्वासनलिकेत जातं. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, तोंड खाली करून पुसा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक वेळी पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने खालची जागा हलकेच पुसत राहा. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लांना आपणहून शी-शू करता येत नाही, आई चाटून ते काम करते. हे विसरल्याने पोट फुगून गेलेली पिल्लं पुष्कळ.

वय ओळखायला: डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात, पुढचे बारीक दात तिसऱ्या आठवड्यात दिसतात, वजन आठवड्याला साधारण १०० ग्रॅमने वाढतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवा. दिवसाला १० ग्रॅमही वाढत नसेल, किंवा घटत असेल, तर बाकी सगळं ठीक दिसलं तरी काहीतरी बिघडलंय.

तुमच्या मांजरीकडे परत येऊ. दूध बंद करा, मोठ्या मांजरांना लॅक्टोज पचत नाही. दूधभात, दूधचपाती हे आपल्याकडचं परंपरेचं खाणं पोट भरतं पण पोसत नाही. मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य मांसातून, माशातून मिळवावं लागतं, ते सतत कमी पडलं तर नजर जाते आणि हृदय कमजोर होतं. उकडलेली कोंबडी हाडं काढून, मीठ-कांदा-लसूण न घालता द्या. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात, त्यामुळे उरलेली रस्सा-आमटीही नको. घरात मांसाहार चालत नसेल तर कोरडं कॅटफूड आणा, तीन किलोच्या मांजरीला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम पुरतं. कुत्र्याचं खाद्य नको. फार खंगलेली असेल तर एकदम ताट भरून न देता चार-पाच वेळा थोडं थोडं. जुलाब दोन दिवसांत थांबले नाहीत किंवा रक्त दिसलं तर डॉक्टर.

पकडायचं झालं तर मोठ्या मांजराला मानगुटीला धरून उचलू नका. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. कॅरियर नसेल तर जाड पुठ्ठ्याचं खोकं, रुपयाच्या नाण्याएवढी भोकं, आत जुना टॉवेल, वरची चारही झाकणं चिकटपट्टीने बंद. भाजीची प्लॅस्टिकची दोन क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने आवळली तरी उत्तम काम होतं. रिक्षात खोकं उघडून बघू नका, बहुतेक मांजरी तिथेच निसटतात. हाताला येत नसेल तर पिंजरा लावा आणि आत सुका बोंबील किंवा बांगड्याचा तुकडा ठेवा, त्याचा वास चिकनपेक्षा लांब जातो. पिंजरा मिटल्याबरोबर वरून चादर टाका, अंधारात मांजर शांत होते.

चावली किंवा ओरखडा निघाला तर तो पिल्लाचा असो की लाडक्या मांजरीचा, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी जा. सरकारी रुग्णालयात ही लस मिळते. कातडीत द्यायच्या पद्धतीत दिवस शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस असे डोस असतात. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायच्या सिरमबद्दलही विचारा, ते विचारायचं लोकांकडून राहून जातं. मांजरीचे दात सुईसारखे खोल जातात, वरून जखम एवढीशी दिसते आणि चोवीस तासांत हात सुजतो, त्यामुळे प्रतिजैविक लागेल का तेही विचारून घ्या. लाळ गळतेय, गिळता येत नाही, उगाचच अंगावर येतेय, तोल जातोय, अशा मांजरीला हातच लावू नका, महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला कळवा.

घरी आणायचं ठरलं तर तुमच्या पहिल्या मांजरीच्या दृष्टीने विचार करा. किमान १४ दिवस नवी मांजर वेगळ्या खोलीत, शक्यतो बाथरूममध्ये: बादल्या रिकाम्या, कमोडचं झाकण बंद, एक्झॉस्टची जागा झाकलेली. एका कोपऱ्यात पसरट टबमध्ये पाच-सात सेंटीमीटर वाळू, दुसऱ्या टोकाला खाणं-पाणी, मधे लपायला आडवं खोकं. पहिल्या दिवशी ती खोक्यातून बाहेर येणार नाही, येऊ द्या तिच्या वेळेने. पण दोन दिवस अजिबात खाल्लं नाही तर थांबू नका, मांजर उपाशी राहिली की यकृतात चरबी साचते.

एवढे दिवस वेगळं ठेवायचं कारण पॅनल्युकोपेनिया (मांजरांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार) आणि गजकर्ण. पहिल्याचा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो, सॅनिटायझरने मरत नाही. एक भाग द्रव ब्लीच आणि तीस भाग पाणी, आधी घाण धुऊन मग दहा मिनिटं ओलं ठेवायचं, नंतर साध्या पाण्याने धुवायचं, आणि तेवढा वेळ मांजर दुसरीकडे. ॲसिडवाला टॉयलेट क्लीनर त्यात मिसळू नका, विषारी वायू होतो. फिनेल मांजराच्या खोलीत वापरूच नका. गजकर्ण दिसायला एक ते तीन आठवडे लागतात आणि ते माणसांनाही होतं. दरम्यान तुमच्या पहिल्या मांजरीची लस अद्ययावत आहे का बघा आणि दोन्हींची भांडी वेगळी ठेवा. घरात गरोदर बाई असेल तर मांजर टाकून द्यायची गरज नाही. वाळू दुसऱ्या कुणीतरी रोजच्या रोज साफ करावी, कारण टॉक्सोप्लाझ्मा या गर्भाला धोक्याच्या परजीवीचं बीज विष्ठेत पडल्यावर संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो.

डॉक्टरांकडे वजन, हिरड्या, कानातला काळपट कोरडा मळ, गाभण आहे का, एवढं दाखवून घ्या. जंताचं औषध वजनाप्रमाणे, लस जुलाब थांबल्यावर. स्वतःहून औषधं देऊ नका. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे, ते पचवायची यंत्रणाच तिच्या यकृतात नाही. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांच्या पावडरी आणि थेंबांत पर्मेथ्रिन असतं, त्याने झटके येतात. जखमेवर डेटॉल किंवा हळद नको, मिठाचं कोमट पाणी किंवा चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं बीटाडीन. उंदराच्या गोंदपट्टीला चिकटलेली मांजर आणली तर रॉकेल, टर्पेंटाइन लावू नका. खायचं तेल चोळा, मग साबणाच्या कोमट पाण्याने धुवा.

राहिला मंडईचा सल्ला. मांजर माणसांपेक्षा जागेला धरून राहते. पाणी कुठे, कुत्री कधी येतात, कुठल्या भिंतीवर चढता येतं, हे तिला तुमच्या आवारात माहीत आहे. अनोळखी ठिकाणी सोडलेली मांजर तिथल्या बोक्यांचा मार खाते किंवा परत यायच्या धडपडीत रस्त्यावर चिरडली जाते. इकडे तुमच्या पार्किंगमधली मोकळी जागा दुसरी मांजर घेते, नसबंदी न झालेली. शिवाय उपासमार होईल अशा ठिकाणी प्राणी टाकून देणं प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे, आणि मारलं किंवा जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी आवारातल्या प्राण्यांच्या खाण्याची सोय लावण्याची जबाबदारी सोसायटीवर टाकली आहे. पण बैठकीत कायद्याने सुरुवात करू नका, लोक हट्टाला पेटतात. ‘ओरडणं थांबवायचंय ना, मग शस्त्रक्रिया करून घेऊ’ असं म्हणा. नसबंदीनंतर माज नाही, रात्रीचा गोंगाट नाही, दर काही महिन्यांनी नवी पिल्लं नाहीत. बोक्यांची केली तर गाड्यांवर फवारणंही बरंच कमी होतं.

नसबंदीसाठी महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात किंवा तिच्याबरोबर काम करणाऱ्या संस्थेत विचारा. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय जुनं ठिकाण आहे. शस्त्रक्रियेआधी मोठ्या मांजरीला आठ तास उपाशी ठेवतात, पाणी मात्र भूल द्यायच्या थोडं आधीपर्यंत चालतं, नेमकं डॉक्टर सांगतील. नंतर मादीला पाच ते सात दिवस कोरड्या जागी कोंडून ठेवा. टाक्यांतून पाणी येणं, सूज, खाणं बंद, यातलं काही दिसलं तर परत न्या. पाजणारी असेल तर पिल्लं सहा-आठ आठवड्यांची होईपर्यंत थांबा, पण आठव्याच्या पुढे रेंगाळू नका, पिल्लं पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते.

कुणाला दत्तक द्यायची झाली तर नसबंदी झाल्यावरच द्या, आणि आधी घर बघून या. खिडक्या-गॅलरीला जाळी आहे का, भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी आहे का, घरातल्या सगळ्यांना मांजर हवी आहे का. पहिला महिनाभर दर आठवड्याला फोटो मागा, आणि जमलं नाही तर मांजर इतर कुणालाही न देता तुमच्याकडेच परत यावी, हे चिठ्ठीवर लिहून सही घ्या.

आज संध्याकाळी तिच्या पोटाचा आणि दोन्ही कानांचा उजेडात काढलेला फोटो इथे टाका, शेपटीपाशी हात फिरवल्यावर काय करते तेही लिहा. पाजणारी निघाली तर पुढच्या पायरीला उशीर करून चालणार नाही.